मधमाशांची पेटी घेण्याआधी एक हंगाम दुसऱ्याच्या पेटीवर (नागपूर आणि आसपासच्या मंडळींसाठी)

करंजफूल (रविवार, रात्री ९.४०)

पाऊस परतीला लागला की मला दरवर्षी एकाच चवीचे निरोप येतात. "ताई, पेट्या कुठे मिळतात?" "ताई, दहा पेट्यांतून किती मध निघतो?" यंदा गणपती उठल्यापासून असे ११ झाले. "ताई, तुम्ही पेटी उघडाल तेव्हा बघायला येऊ का?" असं मात्र एकानंही विचारलं नाही. म्हणून हा धागा.

आमचं मधपाळ मंडळ म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. कार्यालय नाही, पाटी नाही. विसेक माणसं आहेत. त्यात दोन संत्रा बागायतदार, शेतकी कॉलेजची काही पोरं, एक सुतार, एक बँकवाले आणि बाकी माझ्यासारखे निवृत्त. कळमेश्वर, काटोल रस्ता आणि हिंगण्याकडे मिळून आमच्या चाळीसेक पेट्या आहेत. काही सातेरीच्या (आपली देशी माशी), काही मेलिफेराच्या (युरोपातून आणलेली).

या हंगामात सहा ते आठ नवीन माणसं हवी आहेत. पैसे घेणार नाही, देणारही नाही. नोव्हेंबर ते एप्रिल, दर दुसऱ्या रविवारी सकाळी. तुरीच्या फुलोऱ्यापासून सुरुवात. मग धने, मोहरी, जवस, जानेवारी-फेब्रुवारीत संत्र्याचा आंबिया बहार आणि शेवटी करंज-कडुनिंब. एवढं डोळ्यांखालून गेलं की माशीचं अर्धं वर्ष कळलं. उरलेलं अर्धं, म्हणजे मे महिना आणि पावसाळा, हे खरं शिक्षण. त्याला जे टिकतील ते टिकतील.

मी स्वतः उलट्या क्रमानं शिकले. दोन दिवसांचा वर्ग केला, प्रमाणपत्र घेतलं आणि त्याच लोकांकडून मेलिफेराच्या ६ पेट्या उचलल्या. "मध आम्हीच परत विकत घेऊ" असं तोंडी वचन होतं. पेट्या गच्चीवर पत्र्याच्या शेडखाली ठेवल्या. पोळ्यात पिल्लं असतात तिथे माशा ३४-३५ अंश राखतात हे वर्गात पाठ करून घेतलं होतं. बाहेर ४५ झाल्यावर त्या ते कसं राखतात आणि त्यासाठी त्यांना किती पाणी ओढावं लागतं, हे कुणी सांगितलं नव्हतं. मेच्या तिसऱ्या आठवड्यात झाकण उघडलं तर पोळी मऊ होऊन फ्रेममधून (पोळं ज्यात बांधतात ती लाकडी चौकट) वाकलेली, तळाला मध आणि त्यात बुडालेल्या माशा. वास अजून नाकात आहे. मध विकत घेणाऱ्यांचा फोन तोवर लागेनासा झाला होता, हे सांगायला नकोच.

तेव्हा पेटी नंतर. आधी हात.

---

रातराणी७ (रविवार, रात्री १०.१५)

वाचून अंगावर काटा आला. मी यायला तयार आहे, पण रविवारी सकाळी ड्युटी असते. आधी कुठलं प्रशिक्षण लागतं का?

---

खडूफळा (रविवार, रात्री १०.५२)

ताई, राग मानू नका. पण "पैसे घेणार नाही, देणारही नाही" याचा अर्थ फुकट मजूर असाच होतो ना? अशा दोन-तीन ठिकाणी जाऊन आलोय. निसर्गाच्या नावाखाली खुर्च्या उचलायच्या, सतरंज्या घालायच्या, आणि फोटोत पुढे दुसरेच.

---

करंजफूल (रविवार, रात्री ११.२०)

@खडूफळा, राग कशाला? प्रश्न बरोबर आहे. आमच्याकडेही हे झालंय. तीन वर्षांपूर्वी कॉलेजची दोन मुलं पूर्ण हंगाम मधयंत्र धुवत होती आणि फ्रेमा खरवडत होती. एप्रिलमध्ये त्यांतल्या एकाला मी सहज विचारलं, "अंडं पाहिलंस का रे?" तो म्हणाला, "काकू, पेटीत डोकावू कुठे देतात आम्हाला?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो मुलगा परत आला नाही.

त्यानंतर एक नियम केला आणि वहीत लिहून ठेवला. ज्या दिवशी पेट्या उचलायला बोलावू, त्या दिवशी प्रत्येकाच्या हातात निदान एक फ्रेम गेलीच पाहिजे. ज्यांची पेटी, त्यांनी शेजारी उभं राहून बोलायचं, हात लावायचा नाही. ने-आणीचं पेट्रोल पेटीवाल्याचं. मध काढणीच्या दिवशी आलेल्याला बाटली. एवढंच. याला मजुरी म्हणा की शिष्यत्व, ते तुम्ही येऊन ठरवा. जुन्या सभासदांपैकी दोघांना हा नियम अजून पटलेला नाही, हेही सांगून टाकते.

---

वेडा राघू (सोमवार, सकाळी ७.०५)

आयडीकडे जाऊ नका, मी त्या पक्ष्यासारखा माशा खात नाही. :)

शिकवणाऱ्यांतला एक मीच. पहिल्या महिन्यात काय करायला लावतो ते सांगतो, म्हणजे खडूफळा यांना अंदाज येईल.

पहिले दोन रविवार स्मोकर, म्हणजे माशांवर धूर सोडायचा भात्याचा डबा. फक्त स्मोकर. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण दहातल्या आठांचा दुसऱ्या पेटीलाच विझतो. गोवरीचे तुकडे, जुनं पोतं, नारळाची शेंडी. तळाशी निखारा धरला पाहिजे आणि वरून हिरवा पाला, म्हणजे धूर गार निघतो. गरम धूर मारला की माशा अजूनच चिडतात. एक माशी डसली की त्या जागेवर तिचा इशाऱ्याचा वास राहतो आणि बाकीच्या तिथेच येतात. धुरानं तो वास झाकला जातो. हा वास पिकल्या केळ्यासारखा असतो, म्हणून येताना केळी खाऊन यायचं नाही. हा विनोद नाही.

मग फ्रेम धरायला. उन्हाकडे पाठ करायची, ऊन खांद्यावरून पोळ्यातल्या घराच्या तळाशी पडलं पाहिजे. तेव्हा कुठे तांदळाच्या कणीहून बारीक असं पांढरं अंडं दिसतं. पहिल्या दिवशी ते उभं असतं, हळूहळू कलतं, तिसऱ्या दिवशी आडवं. म्हणजे उभं अंडं दिसलं तर राणी कालपर्यंत तरी जिवंत होती. तिला शोधत बसून पेटी अर्धा तास उघडी ठेवायची गरज नाही. नवशिक्याला राणी बघायची भारी हौस, आणि त्या हौसेपायी पिल्लं गारठतात. आमचं म्हणणं एकच, राणी नको, अंडं दाखव.

मेलिफेराची कामकरी अंड्यापासून २१ दिवसांत बाहेर येते, राणी १६, नर २४. हे आकडे पाठ नसतील तर पेटी काय सांगते ते कळत नाही.

---

पुणेकर पाहुणा (सोमवार, सकाळी ९.३०)

एवढं सगळं घरगुती पद्धतीनं का? पुण्याला केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ पासूनची, खादी आयोगाची. महाबळेश्वरला राज्य खादी मंडळाचं मध संचालनालय आहे. त्यांच्या मध केंद्र योजनेत प्रशिक्षण मिळतं आणि साहित्याला ५० टक्के अनुदानही. केंद्राचं मधमाशीपालन व मध मिशन २०२० पासून चालू आहे. रीतसर शिकावं की.

---

करंजफूल (सोमवार, सकाळी ११.१०)

@पुणेकर पाहुणा, रीतसर शिकावंच. आमच्यातले चौघं तिथे जाऊन आलेत. जिल्हा ग्रामोद्योग कार्यालयात अर्ज करायचा, साक्षर आणि १८ पूर्ण असलेल्याला वैयक्तिक मधपाळ म्हणून घेतात. मधुक्रांती पोर्टलवरची नोंदणीही करून ठेवावी. अनुदानाच्या पेटीला निम्मा वाटा आपला असतो, हे लोक विसरतात आणि मग कार्यालयात जाऊन भांडतात.

पण महाबळेश्वरकडे, जावळीच्या जंगलात शिकलेलं जसंच्या तसं नागपुरात लागू होत नाही. तिथे सातेरी, जांभूळ, सात वर्षांनी फुलणारी कारवी आणि धुक्यात भिजलेला डोंगर. तिथलं मांघर तर २०२२ पासून मधाचं गाव म्हणून नावाजलेलं आहे, गावच्या गाव त्यात. इथे मेमध्ये पेटीवर ओलं पोतं टाकावं लागतं, स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या (नाहीतर मुंगळे रात्रीत पेटी साफ करतात), शेजारी खडे घातलेलं पसरट पाण्याचं भांडं. खडे नसले तर माशा बुडून मरतात. ही कामं कुठल्या प्रमाणपत्रात येत नाहीत. ती कुणाच्या तरी मागे फिरून येतात.

तेव्हा दोन्ही करा. तिथलं शिक्षण दहा दिवसांचं, इथलं एका हंगामाचं.

---

रातराणी७ (सोमवार, दुपारी २.४०)

मी रुग्णालयात परिचारिका आहे, म्हणून आपल्या कामाचं लिहिते. येणाऱ्या प्रत्येकाला आधी विचारा, पूर्वी माशी चावली तेव्हा काय झालं? चावल्या जागी सूज आणि खाज येणारच, दुसऱ्या दिवशी ती वाढलेलीही दिसेल. त्यात घाबरण्यासारखं नाही. पण चावली हाताला आणि गांधी उठल्या अंगभर, ओठ-जीभ सुजली, घसा आवळला, चक्कर आली, तर लिंबू, चुना, लोखंड घासणं वगैरे काही न करता सरळ दवाखाना. तिथे अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन देतात आणि मिनिटं मोलाची असतात. शेतावर जाताना एक गाडी तयार असावी आणि सगळ्यात जवळचं रुग्णालय कुठलं हे सर्वांना माहीत असावं.

काटा रुतलेला असेल तर नखानं खरवडून लगेच काढा. कसा काढला यापेक्षा किती लवकर काढला याला महत्त्व, कारण त्याच्यासोबतची विषाची पिशवी विष सोडतच राहते.

---

करंजफूल (सोमवार, दुपारी ३.०५)

@रातराणी७, तुम्हीच आम्हाला हव्या आहात. रविवार जमत नसेल तर एक संध्याकाळ ठरवू. पेट्या उघडायच्या नाहीत, फक्त हेच सांगायचं, आणि जुन्या लोकांनाही बसवायचं. आमच्यातले दोन-तीन काका "मला काही होत नाही" म्हणून जाळीची टोपी घालत नाहीत.

---

सेमिनरी हिल्स (सोमवार, संध्याकाळी ६.२०)

माझा मुद्दा वेगळा. आमच्या इमारतीच्या सातव्या मजल्याखाली आग्यामोहोळ आहे. सभासदांनी कुणाला तरी बोलावून जाळून टाकायचं ठरवलंय. तुमचं मंडळ ते काढून नेतं का?

---

वेडा राघू (सोमवार, संध्याकाळी ७.००)

आग्या पेटीत राहत नाही. उघड्यावर एकच मोठं पोळं बांधते आणि हंगाम संपला की स्वतःच उठून जाते. ते "काढून नेणं" म्हणजे बहुतेक वेळा मारणंच असतं. जाळायला तर मुळीच देऊ नका. आग्या दिव्याकडे झेपावते, आणि जळत्या पोळ्यातून उठलेल्या माशा खालच्या मजल्यांवरच्या उजेडी खिडक्यांत घुसतात.

आत्ता करायचं एवढंच. त्या बाजूचे रात्रीचे दिवे बंद, खिडक्यांना जाळी, पोरांनी दगड मारायचे नाहीत, आणि त्या भागात रंगकाम-फवारणी काही नाही. मंडळाच्या कामांत हेही एक आहे. दोघं-तिघं जाऊन सोसायटीच्या सभेत बसतो आणि लोकांना थांबायला सांगतो. नवीन माणसांना यासाठी नक्की नेतो. पेटी उघडण्यापेक्षा सचिवांना समजावणं अवघड आहे, हे तिथे कळतं. तुमच्या सभेची तारीख व्यनि (खासगी निरोप) करा.

---

खडूफळा (सोमवार, रात्री ९.१५)

हे वाचायला मजा येतेय. पण आग्याचा मध तर बाजारात सगळीकडे "जंगली मध" म्हणून विकतात. तो मग मारूनच आणलेला?

---

करंजफूल (सोमवार, रात्री १०.०५)

पुष्कळदा हो. टेंभा लावायचा, माशा जाळायच्या, पोळं पिल्लांसकट पिळायचं. पण दुसरी रीतही आपल्याच भागातली आहे. आग्याच्या पोळ्यात मध वरच्या बाजूला, फांदीलगतच्या जाड भागात असतो आणि पिल्लं खाली. जाड पोशाख घालून, माशा न जाळता, तेवढाच मधाचा भाग कापून घेतला तर पोळं पुन्हा भरतं. वर्ध्याच्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेसनं या पद्धतीवर आणि पोशाखावर बरीच वर्षं काम केलंय. गडचिरोलीत मेंढा-लेखाच्या लोकांनी अभ्यासगट बसवून मधमाशीचा अभ्यास केला, ते वाचण्यासारखं आहे. शिकवायला बाहेरून कुणी येण्याची वाट न बघता गावानं स्वतःच प्रश्न मांडायचे, ही त्यांची पद्धत मला आमच्या मंडळातही हवी आहे. अजून जमलेली नाही. आमच्याकडे दोन जण बोलतात आणि बाकीचे चहा पितात.

वर्ध्याला फेब्रुवारीत एक दिवस जायचा विचार आहे. मगनवाडीत गांधीजींच्या ग्रामोद्योग संघाच्या काळापासून मधमाशा आहेत. गाडीत जागा कमी, आधी सांगा.

---

लाकूडफाटा (मंगळवार, सकाळी ८.१०)

त्या वरच्या यादीतला सुतार मीच. मला लिहायचा कंटाळा, तरी लिहितो. पेटी बनवायला शिकायचं असेल तर डिसेंबरात दोन शनिवार माझ्याकडे या. सगळी गोष्ट एका फटीत आहे. दोन फ्रेमांमध्ये, फ्रेम आणि भिंतीमध्ये ६ ते ९ मिलिमीटर जागा पाहिजे, मेलिफेराला थोडी जास्त, सातेरीला थोडी कमी. कमी सोडली तर माशी ती डिंकानं किंवा मेणानं बुजवते, जास्त सोडली तर तिथे आडवं पोळं बांधते. लँगस्ट्रॉथ नावाच्या माणसाला हे १८५१ मध्ये उमगलं म्हणून आज फ्रेम बाहेर निघते. बाजारातल्या स्वस्त पेट्यांत नेमकी हीच फट चुकलेली असते. मापपट्टी घेऊन या, बाकी हत्यारं आहेत.

---

कोंढाळीवाला (मंगळवार, सकाळी १०.३०)

राजेहो, मोबाईलवरून टंकून राह्यलो, चुका काढू नका. आमचा संत्र्याचा बगीचा हाय, थोडी तूर, कपाशी. आमच्या जुन्या घराच्या मातीच्या भिंतीत सातेरी बसली हाय, मी शाळेत होतो तवापासून. दिवाळी झाली की भिंत पाडाची हाय, नवं बांधकाम. माय म्हनते आधी माशांचं काय ते पाहा, मंग भिंतीले हात लावा. ती रोज सांजेले तिथं पान्याचं वाटगं ठेवते. काही होऊ शकते का? अन् कपाशीवर फवारनी चालू राह्यते, त्याचं काय?

---

करंजफूल (मंगळवार, सकाळी ११.००)

भाऊ, भिंत पाडू नका! म्हणजे पाडा, पण आम्ही येईपर्यंत थांबा.

मंडळी, यापेक्षा चांगला पहिला वर्ग मला सुचत नाही. नोव्हेंबरचा दुसरा रविवार धरू. तूर फुललेली असेल, म्हणजे माशांना लगेच चारा. दुपार कलल्यावर सुरुवात. भिंत एका बाजूनं हळूहळू उकरायची, पोळी एकेक करून कापायची. मधाची वेगळी, पिल्लांची वेगळी. पिल्लांची पोळी आधी जशी होती तशीच, उलटी न करता, रिकाम्या फ्रेममध्ये केळीच्या सोपानं बांधायची. पुढे माशा ती मेणानं चिकटवतात आणि सोप कुरतडून बाहेर टाकतात. राणी दिसली तर पिंजऱ्यात. नाही दिसली तर माशांचा घोळका ज्या बाजूला जातो तिथे ती असते. पेटी तिथेच, भिंतीच्या जुन्या भोकासमोर ठेवायची, कारण बाहेर गेलेल्या माशा संध्याकाळी त्याच पत्त्यावर येतात. दोन-तीन रात्री साखरेचा पाक, निम्मं पाणी निम्मी साखर. गूळ नाही, त्यानं त्यांचं पोट बिघडतं. सातेरी रुसणारी जात आहे, आठवड्यात घर सोडून जाऊही शकते. म्हणून दाराला राणीजाळी लावू, तिच्यातून बाकीच्या माशा जातात, राणी जात नाही. तरी खात्री देत नाही.

फवारणीचं @वेडा राघू सांगतील.

---

वेडा राघू (मंगळवार, दुपारी १.२५)

फवारणी करायचीच तर सूर्य कलल्यावर, माशा घरी परतल्यावर. फुलोऱ्यात इमिडाक्लोप्रिडसारखी औषधं टाळा. आदल्या दिवशी पेटीवाल्याला कळवा, म्हणजे त्या रात्री दार बंद करून पेटी हलवता येते. हलवायची तर हातभर, नाहीतर थेट दोन-तीन किलोमीटर लांबच्या शिवारात. मधलं अंतर चालत नाही, माशा जुन्या जागी जाऊन घोटाळतात.

२०१७ मध्ये यवतमाळात फवारणी करणारी माणसंच दगावली होती. त्यामुळे टोपी-हातमोजे माशीसाठी नव्हे, तुमच्यासाठी घाला.

---

खडूफळा (मंगळवार, दुपारी ३.४०)

मी येतो. मजूर म्हणून. माती उकरायला फावडं आणू का?

---

लाकूडफाटा (मंगळवार, दुपारी ४.१५)

फावडं नको, पोळी तुटतील. गवंड्याची करणी आण. रिकाम्या ८ फ्रेमा मी आणतो, सातेरीच्या मापाच्या.

---

रातराणी७ (मंगळवार, संध्याकाळी ५.५०)

त्या रविवारी सुट्टी बदलून घेतली. औषधांची पेटी माझी. कोंढाळीहून जवळचं रुग्णालय कुठलं, रात्री उघडं असतं का, ते दादांनी आधी बघून ठेवा.

---

कोंढाळीवाला (मंगळवार, रात्री ८.३०)

पाहून ठेवतो. मायले सांगतलं. ती म्हनते पोहे-तर्री करून ठेवते सगळ्यायसाठी, फकस्त तिले पयलेपासून शेवटवर बाजूले उभं राहू द्याचं. अन् ते राणी म्हनता ते तिलेच पयले दाखवाची.

---

करंजफूल (मंगळवार, रात्री ८.४५)

राणी नाही दिसली तर अंडं दाखवू. आईंसाठी एक जाळीची टोपी जास्त आणते. आणि केळी खाऊन येऊ नका म्हणावं.